सकाळची जेमतेम २५ मिनिटं मिळतात, त्यात जास्तीत जास्त कॅलरी जाळणारा व्यायाम कोणता?

इंदिरानगरची_आई

नमस्कार मंडळी, सरळ प्रश्नावर येते. वय ३९, वजन ७४, उंची पाच फूट दोन. नोकरी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत अकाउंट्सला, म्हणजे दिवसभर खुर्ची आणि मार्च एंडला तर रात्रीही खुर्ची. पाचला उठते, दोन डबे, पोराची स्कूल बस, सासूबाईंचा चहा-नाश्ता हे सगळं उरकून साडेसातच्या आसपास मला मोजून २५ मिनिटं मोकळी मिळतात, फार ओढून ताणून ३०, त्यानंतर अंघोळ आणि साडेआठला गाडी काढावीच लागते नाहीतर बोगद्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले की संपलं.

मागे एका जिमची वर्षाची फी भरली होती. पहिले काही दिवस ट्रेनर दिसला, मग पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागला, नाही म्हटल्यावर मशीन दाखवून निघून जायचा. शिवाय जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा, मग व्यायाम कधी करायचा? ते बंद केलं.

आता यूट्यूबवर बघते तर ‘१५ मिनिटांत ५०० कॅलरी’ असले व्हिडिओ, कोणी म्हणतं दोरीउड्या मार, जाऊबाई म्हणतात झुंबा लाव, सासरे म्हणतात सूर्यनमस्कारासारखं काही नाही. आमची बिल्डिंग सात मजली आहे, जिना आहे, लिफ्टही आहे. बाहेर पळायचं तर सध्या श्रावण, गोल्फ क्लबच्या मैदानावर चिखल आणि तिथपर्यंत जाण्यातच वेळ जातो. उजवा गुडघा जिना उतरताना थोडा कुरकुरतो, थायरॉइडची गोळी चालू आहे, बाकी काही नाही.

कमी वेळात जास्त कॅलरी जाळायच्या तर नक्की काय करू? कृपया ‘पहाटे चारला उठा’ असं सांगू नका.

सातपूर_सायकल

ताई आधी त्या ५०० वाल्या व्हिडिओचा निकाल लावू. व्यायामाची तीव्रता मोजायला मेट नावाचं एकक असतं, शांत बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट, साधारण एका किलोला तासाला एक कॅलरी. म्हणजे तुम्ही नुसत्या बसलात तरी तासाला ७४ जातात. आता १५ मिनिटांत ५०० म्हणजे तासाला दोन हजार, भागिले ७४, झाले २७ मेट. ऑलिम्पिकला जाणाऱ्या सायकलवाल्यांची, स्कीवाल्यांचीसुद्धा कमाल मर्यादा २३-२५ च्या आसपास येऊन थांबते आणि तीही काही मिनिटांपुरती. तो व्हिडिओवाला हसत हसत, मेकअप न विस्कटता २७ मेटवर नाचतोय. असो.

आता तुमचं गणित. मेट गुणिले वजन गुणिले तास, एवढंच आहे. तुमचं वजन धरून २० मिनिटांचे आकडे सांगतो. झपझप चालणं म्हणजे तासाला साडेपाच-सहा किमी, साडेचारच्या आसपास मेट, म्हणजे ११० कॅलरी. तासाला ८ च्या वेगाने पळणं ८.३ मेट, २०५. सायकल तासाला १६ ते १९ च्या वेगाने ६.८ मेट, १६५-१७०. दोरीउड्या मिनिटाला शंभरच्या वर मारल्या तर ११ मेटच्या पुढे, म्हणजे २७०. कागदावर दोरीच जिंकते, आणि म्हणूनच सगळे दोरी सांगतात. पण सलग वीस मिनिटं दोरी कोण मारतं? नवा माणूस अर्ध्या मिनिटात दोरीत पाय अडकवून उभा राहतो, धापा टाकतो, परत सुरू करतो. निम्मा वेळ थांबण्यात गेला की २७० चे दीडशे होतात. पळण्याचंही तेच, सवय नसेल तर वीसातली बारा मिनिटं चालणंच होतं.

आणि यात नुसतं बसूनही गेल्याच असत्या त्या पंचवीसेक कॅलरीही धरल्यात बरं का. ट्रेडमिलचं मशीन त्या वजा करत नाही, आणि वजन टाकलं नसेल तर कुठलं तरी भलत्याच माणसाचं वजन धरतं, पुढचा दांडा धरून चाललात तरी त्याला कळत नाही.

माझं म्हणणं असं की तुमच्यासारख्यांनी व्यायामाच्या मिनिटाला किती कॅलरी हे बघूच नये, दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून परत अंघोळीला जाईपर्यंतच्या मिनिटाला किती हे बघावं. मी स्वतः सायकलवेडा आहे, आपल्या महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पुरी केली त्यानंतर नाशकात जी सायकलची लाट आली त्यातलाच मी एक, पण तुम्हाला मी सायकल सांगणार नाही. हवा बघा, हेल्मेट घाला, पार्किंगमधून काढा, सिग्नल, खड्डे, पावसात चेन पुसा, पंचवीसातली दहा मिनिटं ह्यातच. सायकल ज्याला दीड तास आहे त्याची. तुम्हाला घरातल्या घरात किंवा जिन्यात होणारं काहीतरी पाहिजे.

मिसळ_पार्टी

वीस मिनिटं दोरी मारून १५० जाळायच्या आणि रविवारी मिसळ, वर एक्स्ट्रा तर्री, दोन पाव जास्त आणि शेवटी जिलेबी. आठवड्याचा हिशोब एका टेबलावर क्लिअर. मी हेच करतो म्हणून अधिकाराने बोलतोय 😄

जिम_भाऊ_नाशिकरोड

सातपूर भाऊ तुमचं गणित बरोबर आहे पण अर्धवट आहे. एचआयआयटी, म्हणजे थोडा वेळ फुल जोर, थोडा वेळ आराम असं आलटून पालटून मारलं ना की आफ्टरबर्न सुरू होतं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास बॉडी कॅलरी जाळत राहते, तुम्ही झोपलात तरी. तबाता करा ताई, चार मिनिटांत विषय संपतो. २० सेकंद फुल जोर, १० सेकंद आराम, आठ राउंड. एक तास वॉकिंग करणाऱ्या काकूंपेक्षा जास्त रिझल्ट, गॅरंटी.

सातपूर_सायकल

भाऊ आफ्टरबर्न असतं, नाही असं नाही, पण जाहिरातीत सांगतात तेवढं नसतं. व्यायामात जेवढ्या जळाल्या त्याच्या साधारण ६ ते १५ टक्के एवढीच ती वरची भर. ताईंनी २०० जाळल्या तर वर १२ ते ३०. म्हणजे एक पारले बिस्कीट, फार तर दीड.

आणि तबाता. १९९६ साली जपानच्या इझुमी तबातांनी जो प्रयोग छापला तो तरण्याबांड, व्यायामात मुरलेल्या पोरांवर केलेला होता, सायकलच्या मशीनवर, आणि मूळ पद्धत स्पीड स्केटिंगच्या टीमच्या कोचची. जोर किती तर जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरायची जी क्षमता त्याच्या १७० टक्के! म्हणजे सातव्या-आठव्या राउंडला पायडल फिरतच नाही असा जोर. सहा आठवड्यांत त्या पोरांचा दम आणि ताकद दोन्ही वाढले हे खरं, पण प्रयोग दमासाठी होता, चरबीसाठी नाही. चार मिनिटांत एकूण कॅलरी जातील त्या पन्नास-साठ. आपण घरी टायमर लावून जंपिंग जॅक मारतो त्याला तबाता म्हणतात एवढंच, जोर तेवढा लागतच नाही.

दमासाठी एचआयआयटी बेस्ट, वेळही वाचतो, त्याबद्दल वाद नाही. पण झोपेत चरबी वितळते वगैरे म्हणू नका.

जिम_भाऊ_नाशिकरोड

बरं भाऊ, आकड्यांत तुम्ही जिंकलात. पण वेट ट्रेनिंगचं तरी सांगा की. नुसतं कार्डिओ करून वजन उतरलं तर मसल पण जातो, मग गाल बसतात आणि सगळे विचारतात आजारी होतीस का. आठवड्यात दोन दिवस तरी वजन उचला ताई, डंबेल नसेल तर पाच लिटरचा पाण्याचा कॅन पण चालतो.

कॉलेजरोड_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे थोडं मोठं लिहिते, घाईत असाल तर दुसऱ्या चहाला वाचा.

जिम भाऊंचं शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही आठवड्याला मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटं किंवा जोरकस ७५ ते १५० मिनिटं, आणि त्यावर दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असंच आहे. ताई, तुमची २५ मिनिटं आठवड्यातले पाच दिवस म्हणजे सव्वाशे, त्यातला निम्मा वेळ जरी दम लागेल असा गेला तरी तुम्ही त्यात बसता. तेव्हा वेळ फार कमी आहे हे आधी डोक्यातून काढा.

आता दोरी. ३९ वय, ७४ किलो, कुरकुरणारा गुडघा, एक बाळंतपण तरी झालेलं. अशा बायकांना पहिल्याच दिवशी दोरी हातात दिली की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पोटरी आणि टाचेची शीर दुखायला लागते आणि आठ दिवसांत माणूस माझ्याकडे येतो. दुसरी गोष्ट कोणी फोरमवर लिहीत नाही म्हणून मी लिहिते: उडी मारताना लघवीचे थेंब जातात. खूप बायकांना होतं, त्या लाजून व्यायामच सोडतात आणि कारण सांगतात वेळ नाही. हे होत असेल तर उड्या थांबवा, ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम कोणाकडून तरी नीट शिकून घ्या, तीन-चार महिन्यांत बहुतेकींना चांगला फरक पडतो, मग खुशाल उड्या मारा. लाज वाटायचं काही नाही त्यात.

गुडघ्याचं. जिना उतरताना कुरकुरतो हे तुम्ही लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतो आणि वाटीवर दाब येतो. म्हणून तुमच्याकडे सात मजले आणि लिफ्ट दोन्ही आहे हे ऐकून मला आनंदच झाला. चढा जिन्याने, उतरा लिफ्टने. दम खाणं लिफ्टमध्ये होतं, गुडघ्याला उतरणीचा मार बसत नाही, आणि तुमचा इंटरव्हल ट्रेनिंगचा कोर्स फुकटात झाला. चढताना अख्खं पाऊल पायरीवर टेकवा, टाच हवेत ठेवून चवड्यावर चढू नका, कठड्याला नुसता हात लावा, ओढून घेऊ नका. गुडघा आत, म्हणजे दुसऱ्या पायाकडे झुकतोय का ते बघा, बहुतेकींचा तिसऱ्या मजल्यानंतर झुकायला लागतो. झुकला की वेग कमी करा.

किती जोराने? बोलून बघा. चढताना दोन-तीन शब्द कसेबसे निघतात पण पूर्ण वाक्य निघत नाही एवढा दम पुरे. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही फिरायला आलाय. छातीत दाबल्यासारखं झालं, गरगरलं, धडधड नुसती वाढतच गेली तर तिथेच बसा, आणि त्या दिवशी डॉक्टर. थायरॉइडची गोळी चालू आहे तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी शेवटची कधी केली ते बघा, डोस जास्त झाला असला तरी धडधड होते, ती आपण जिन्याच्या नावावर खपवतो. नवीन काही सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचाराच.

इंदिरानगरची_आई

बाप रे, फिजिओ ताई, ते उडीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी फोन पालथा ठेवला क्षणभर 🙈 आणि मग जाऊबाईंना फॉरवर्ड केलं. त्यांनी फक्त ‘हो ना गं’ एवढाच रिप्लाय दिला.

पण जिन्याने कॅलरी किती जातील? आणि सासऱ्यांच्या सूर्यनमस्काराचं काय, त्यांना उत्तर द्यायचंय मला. ते म्हणतात एका नमस्काराला १४ कॅलरी, व्हॉट्सअॅपवर आलंय.

पंचवटीकर_काका

ताई, तुमचे सासरे बरोबर आहेत असं मी म्हणणार, कारण मी त्यांच्याच वयाचा 🙂 सूर्यनमस्काराला चटईएवढी जागा लागते, लिफ्ट लागत नाही, लाईट गेली तरी अडत नाही. मी तालमीत शिकलो तेव्हा कोणी कॅलरी मोजत नव्हतं, अंगाखालची जमीन ओली झाली का एवढंच वस्ताद बघायचे. रविवारी मी पांडवलेणीला जातो, दोनशेच्या वरखाली पायऱ्या आहेत, पोरं टोपी उलटी घालून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत चढतात आणि वर पोचून पायऱ्यांचा फोटो. अहो लेणी बघा, दोन हजार वर्षांची कोरीव कामं आहेत आत! सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटांवर पळून कॉमनवेल्थचं पदक आणते, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ नाव वल्हवत रिओ ऑलिम्पिकपर्यंत जातो, तेव्हा कुठे होती ही घड्याळं?

तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला या एकदा. बाया नऊवारी खोचून अनवाणी रात्रभर चालतात, त्यांच्या कॅलरी मोजा म्हणावं.

सातपूर_सायकल

काका नमस्कार, वाद घालायचा नाही पण १४ चा आकडा खोटाय. एका नमस्काराला १४ असतील तर १०८ घातले की दीड हजार झाले. सत्तर किलोचा माणूस अर्धी मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर पळाला तर तेवढ्या जातात, कारण पळताना ढोबळमानाने किलोला किलोमीटरमागे एक कॅलरी. १०८ नमस्कार घालून माणूस दमतो पण २१ किमी पळाल्यासारखा नाही.

संथ, श्वासावर घातलेल्या सूर्यनमस्काराचे मेट ३.३ धरतात, ताईंच्या वीस मिनिटांना ऐंशीच्या आसपास. पण काका म्हणतात तसे तालमीतले, जोरजोरात, न थांबता, मधे एक पूर्ण जोर काढून घातले तर आकडा बराच वर जातो हे मलाही मान्य आहे. सासऱ्यांना असं सांगा ताई, ‘बाबा नमस्कार चांगलेच आहेत, पण तुम्ही घालता तसे नाही, तुमचे वस्ताद घालून घ्यायचे तसे.’ बघा काय म्हणतात.

जिन्याचं. एक मजला साधारण तीन मीटर. ७४ किलो तीन मीटर वर नेणे हे शुद्ध काम बघितलं तर अर्धी कॅलरी, पण शरीर कामाच्या चौपट-पाचपट खर्च करतं, बाकी सगळं उष्णतेत जातं, म्हणूनच घाम. म्हणजे मजल्याला दोन ते अडीच. सात मजले म्हणजे पंधरा-सोळा. चढायला दोन मिनिटं, लिफ्टला एक मिनिट धरा, एकवीस मिनिटांत सात फेऱ्या, ११० च्या आसपास, वर बसल्याबसल्या जातात त्या धरून १३०-१३५. चालण्यापेक्षा जास्त, पळण्यापेक्षा कमी, आणि दारापासून दारापर्यंत धरलं तर सगळ्यांच्या वर, कारण जिना तुमच्या दारातच सुरू होतो.

वहिनी_सिडको

मी पण खुर्चीवालीच. दोन गोष्टी सांगते ज्या मला कोणी आधी सांगितल्या नाहीत.

लिफ्टचं फिजिओ ताईंनी सांगितलं ते छान आहे पण साडेसातला लिफ्ट तुमच्या बापाची नसते 😄 दूधवाला, पेपरवाला, धुणीभांडीवाल्या मावशी, शाळेची पोरं, आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा जे दार उघडं धरून कुलूप लागलंय का ते बघायला परत जातात. वाट बघण्यात अंग थंड पडतं. तर लिफ्ट नाही आली की तिथेच गच्चीच्या दारापाशी खुर्ची-बैठका करा, म्हणजे हवेत खुर्ची असल्यासारखं अर्धं बसायचं आणि उठायचं, आणि भिंतीला हात लावून जोर. लिफ्ट आली की उतरा. सोसायटीत दोन दिवस सगळे विचारतील काय हरवलं का, तिसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. आमच्याकडे आता अजून दोघी चढतात आणि तिसरी फक्त गप्पा मारायला लिफ्टने वर येते.

दुसरं, सलग २५ मिनिटंच पाहिजेत असं काही नाही. आधी म्हणायचे निदान दहा मिनिटं सलग तरी पाहिजे, आता तेही नाही राहिलं. दुपारी डबा खाल्ल्यावर कंपनीच्या आवारात दहा मिनिटं चालते, पाऊस असला तर शेडखाली, संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून बैठका. माझ्या नवऱ्याला वाटलं मला चक्कर येतेय.

आणि चहा. मी दिवसाला चार कप प्यायचे, दोन-दोन चमचे साखर. एका चमच्याला वीस कॅलरी, म्हणजे नुसत्या साखरेच्या १६०. तुमच्या सात फेऱ्या जिना त्यातच गेला. साखर अर्धी करायला मिनिटभरही लागत नाही, तुमच्याकडे वेळ नाहीये ना म्हणून सांगते.

मिसळ_पार्टी

वहिनींनी चहावर हात घातला, आता पुढे साबुदाणा खिचडीवर येतील. श्रावणात हे बरं नव्हे 🙏

वहिनी_सिडको

येणारच होते. उपवासाची खिचडी म्हणजे साबुदाणा, दाण्याचा कूट, तूप, बटाटा, एकादशी दुप्पट खाशी काय उगाच म्हणतात. उपवासाच्या दिवशी भगर-आमटी करा आणि दाण्याचा कूट हात आखडून घाला. झालं माझं.

इंदिरानगरची_आई

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल जिना करून बघितला. चौथ्या मजल्यावर ‘दोन-तीन शब्द’ सोडाच, एकही शब्द निघेना, आणि नेमके चौथ्या मजल्यावरच्या काकू दार उघडून ‘काय गं, लिफ्ट बंद का’ म्हणून विचारतात, मी नुसती मान हलवली. त्यांनी वॉचमनला फोन करून लिफ्ट बंद असल्याची तक्रार केली.

अजून दोन प्रश्न. नवऱ्याचं स्मार्टवॉच घातलं होतं, ते त्या वेळात २४० कॅलरी म्हणालं, सातपूर भाऊंच्या हिशोबाने एवढं होतच नाही, मग कोणाचं खरं मानू? आणि उपाशीपोटी करू की काही खाऊन? कारण थायरॉइडची गोळी उपाशीपोटीच असते.

सातपूर_सायकल

घड्याळात ताई नाडीचे ठोके बऱ्यापैकी बरोबर येतात, कॅलरी नाही. २०१७ ला स्टॅनफर्डवाल्यांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली होती, त्यातल्या सहांचे ठोके पाच टक्क्यांच्या आत बरोबर, पण कॅलरी सगळ्यांच्याच चुकल्या, जे सर्वांत बरं त्याचा घोळ २७ टक्क्यांचा आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांचा. आणि तुमच्या घड्याळात वय-वजन तर मिस्टरांचंच असेल ना, मग तो आकडा त्यांच्या नावावर टाका. ठोके मात्र बघत जा, वयाला धरून तुमची कमाल १८० च्या आसपास येईल, फेरीच्या शेवटी १४५-१६० दिसले म्हणजे काम होतंय, आणि पुढच्या महिन्यात तेवढ्याच वेगाला तोच आकडा खाली आला तर दम वाढला. मला विचाराल तर कॅलरीपेक्षा हा आकडा बघण्यात जास्त मजा आहे.

वजनाचं खरं खरं सांगून टाकतो, नंतर नाराज होऊ नका. एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी. रोज १३०, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे साडेसहाशे, नुसत्या जिन्यावर एक किलोला बारा आठवडे. वहिनींची साखर, रात्रीची एक पोळी कमी, असं धरलं तर तेच चार-पाच आठवड्यांवर येतं. त्यामुळे पंधरा दिवसांनी काटा हलला नाही म्हणून सोडू नका.

कॉलेजरोड_फिजिओ

गोळीचं: उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी घ्या, तुम्ही पाचला उठता म्हणजे साडेसातपर्यंत भरपूर वेळ गेला, मधे अर्धं केळं किंवा एक खजूर खाल्लात तरी काही बिघडत नाही. काहींना काही न खाता चालतं, चक्कर येत नसेल तर तसं करा. चरबी जास्त जळते म्हणून मुद्दाम उपाशी राहायची गरज नाही, दिवसभराच्या हिशोबात त्याने फार फरक पडत नाही.

आणि काल सात मजले एका दमात चढलात ना? तसं करू नका. पहिले दोन आठवडे चार मजले, लिफ्ट, चार मजले. आधी तीन-चार मिनिटं घरातच जागच्या जागी पाय उचलत चाला, हात फिरवा. आठवड्यात तीन दिवस जिना, दोन दिवस खुर्ची-बैठका, भिंतीवरचे जोर, पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी ओढणं, आणि सासऱ्यांसोबत सहा-सहा नमस्कार, म्हणजे घरात शांतता. गुडघ्याने महिनाभर तक्रार केली नाही आणि उडीची ती दुसरी अडचण नसेल तर मग दोरी आणा. तीस सेकंद उडी, तीस सेकंद चालणं, एवढ्यानेच सुरू करा. उडी एक इंचाची, टाच जमिनीला लागत नाही, कोपरं अंगाशी, दोरी मनगटाने फिरते, खांद्याने नाही. फरशीवर अनवाणी अजिबात नको, बूट घालून मॅटवर. खालच्या मजल्यावर कोण राहतं त्यांनाही सांगून ठेवा.

इंदिरानगरची_आई

खालच्या मजल्यावर चेअरमन राहतात 😅 म्हणजे दोरी गच्चीवरच, पाऊस गेल्यावर. तोपर्यंत सोमवार-बुधवार-शुक्रवार जिना, मंगळवार-गुरुवार बाकीचं. सासऱ्यांना ‘तुमचे वस्ताद घालून घ्यायचे तसे’ म्हटलं तर ते आज सकाळी स्वतःच चटई घेऊन हॉलमध्ये उभे होते, सहा घातले आणि मला म्हणाले उद्यापासून मोज.

दोरी घेताना लांबी कशी बघायची तेवढं सांगा कोणीतरी, मेन रोडला जाणार आहे शनिवारी, तेव्हाच घेऊन ठेवते.

जिम_भाऊ_नाशिकरोड

दोरीच्या मधोमध एक पाय ठेवा आणि दोन्ही मुठी वर ओढा, काखेपर्यंत आल्या तर बरोबर. नवीन शिकताय तर दोन बोटं वर गेल्या तरी चालेल, लांब असली की मुठीपाशी गाठ मारून कमी करता येते, आखूड असली तर काहीच करता येत नाही. पीव्हीसीची साधी घ्या, ती स्टीलच्या वायरची स्पीड रोप घेऊ नका, पायावर बसली की वळ उठतो.

वहिनी_सिडको

आणि दोन घ्या, जाऊबाईंना पण लागेल.